एसएक्स ९०० वरचं यूएसबी ऑडिओ: मध्यंतरात गाणी लावण्यापलीकडे कोण काय करतं?

इचलकरंजी_कीज
नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत यामाहाचा पीएसआर-एसएक्स ९०० सेकंडहँड घेतला. वय २४. दिवसा एका सायझिंगच्या (सुताला खळ लावतात त्या कारखान्याच्या) ऑफिसात हिशेब लिहितो, घरी वडिलांचे चार माग आहेत, आणि उरलेला वेळ कीबोर्ड. हळदी, भजन, बारसं, शाळेचं गॅदरिंग, जे येईल ते वाजवतो. स्टाइल (कीबोर्ड आपोआप देतो ती साथ), व्हॉइस (वाद्यांचे आवाज), रजिस्ट्रेशन (साठवून ठेवलेली मांडणी) यावर आता हात बसलाय. यूएसबी ऑडिओचा माझा वापर मात्र एवढाच आहे की पाहुणे जेवायला बसले की पेनड्राइव्हवरची गाणी लावायची आणि मीही पंगतीत जाऊन बसायचं.

ज्यांच्याकडे शिकलो ते सर म्हणतात, ऑडिओ लावलास की तू वादक राहिला नाहीस, साउंडवाला झालास. त्यांचंही खोटं नाही. आमच्या भागातल्या एका ग्रुपमध्ये अख्खा कार्यक्रम मायनस ट्रॅकवर (गायकाचा आवाज वगळून तयार केलेल्या रेकॉर्डिंगवर) चालतो आणि कीबोर्डवाला नुसती बोटं हलवतो. एकदा त्याचं स्टँड बसलं, कीबोर्ड तिरका झाला, दोन्ही हात स्टँडला, आणि गाण्यातला पियानो चालूच. मला तसलं करायचं नाही.

पण मशिनमध्ये एवढं दिलंय तर वापरावं तरी. चार मल्टीपॅडना (दाबलं की ठरलेला तुकडा वाजवणारी बटणं) वेव्ह फाइल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज, जोडता येते, लय बदलणारं टाइम स्ट्रेच आहे, सूर सरकवणारं पिच शिफ्ट आहे, गाण्यातला आवाज घालवणारं व्होकल कॅन्सल आहे. मी एकदा ढोलकीचा एक तुकडा पॅडला जोडला आणि स्टाइलबरोबर सोडला. सुरुवातीला झकास, आठव्या आवर्तनापर्यंत दोघं दोन गावांना. नंतर हातच लावला नाही. दुसरं म्हणजे एक फाइल पॅड घेतंच नाही, का ते कळत नाही.

तुम्ही काय काय करता? खरं खरं सांगा.


साउंड_चेक_पुणे
हे सगळं मोबाइलवर होतं की. ऑक्सची वायर लावा, प्ले दाबा. कीबोर्डच्या मेनूत शिरायचं कशाला?


पेटीवाला_चिपळूण
आधी मोबाइलवाल्या साहेबांना. मीही दोन वर्षं तेच करत होतो. एका हळदीत नवरीच्या एंट्रीला सनईचा तुकडा मोबाइलवरून सोडला आणि मधेच आमच्या गॅसवाल्याचा फोन आला. रिंगटोन म्हणून नातवाने कोंबड्याचं आरवणं लावून ठेवलेलं. दोन टॉप, दोन बास, आणि अख्ख्या मांडवात कोंबडा. नवरी हसली म्हणून निभावलं. तेव्हापासून फोन खिशात, तोही बंद.

आता इचलकरंजीकर. तुला तू म्हणतो, माझा धाकटा तुझ्यापेक्षा मोठा आहे.

ढोलकीचं का बिघडलं ते समजून घे, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. स्टाइल तुझ्या तालावर चालते, कारण तिच्यात आवाज नसतो, नुसत्या सूचना असतात: ही पट्टी दाब, एवढ्या जोरात, एवढा वेळ. टेम्पो वाढवलास की सूचना भराभर दिल्या जातात. वेव्ह फाइल म्हणजे कुणीतरी केव्हातरी वाजवून मोकळा झालेला असतो. पॅडला जोडलेली फाइल स्टाइलचा टेम्पो बघत नाही. समज ढोलकी ११२ च्या लयीत रेकॉर्ड झालीय आणि तू स्टाइल ११३ ला लावलीस. ३२ मात्रांत जवळजवळ सेकंदाच्या सातव्या हिश्शाचा फरक पडतो. ऐकणाऱ्याला आकडा कळत नाही, पण पाय अडखळतो. आणि दोन्ही ११२ ला ठेवलंस तरी पॅड दाबायला बोट जरा उशिरा पडलं, तर तो उशीर शेवटपर्यंत तसाच राहतो.

ऑडिओ हा मागं वळून न बघणारा वादक आहे. त्याला दोनच कामं द्यावीत. एक, जिथे त्याने वळून बघायची गरजच नाही. दोन, जिथे तू त्याच्या मागून चालायला तयार आहेस.

पहिल्यातलं सगळ्यात सोपं म्हणजे तानपुरा. कीबोर्डातला तानपुरा मला आवडत नाही, दर चार सेकंदांनी तोच तो झंकार. शेजारच्या बाईंकडे खरा तानपुरा आहे, त्या किराणा घराण्याच्या तालमीतल्या. कीबोर्डच्या सुराला तो लावून घेतला, समोर माइक धरला, माइक कीबोर्डच्याच मागच्या भोकात, आणि यूएसबी ऑडिओ रेकॉर्ड. पट्टी बदलून तीनदा: काळी एक, पांढरी चार, काळी चार. प्रत्येकी दहा मिनिटं. बाईंनी तिसऱ्या वेळेला विचारलं, "एवढी मोठी कशाला हो, मशीन फिरवून फिरवून लावत नाही का?" फिरवून लावलं की सांधा ऐकू येतो. दहा मिनिटांत एकही सांधा नाही, आणि तोवर अभंग संपतो. एखाददुसऱ्या पट्टीचा फरक असला तर पिच शिफ्टने चालून जातं. त्याहून जास्त ओढलंस तर जवारी (तारांचा तो घुमारा) पत्र्यासारखी वाजते, तेव्हा वेगळी फाइल करावी. स्टाइल बंद, खाली तानपुरा, वर उजव्या हातात हार्मोनियम. भजनात यापेक्षा जास्त काही लागत नाही. माझ्या मते तर स्टाइल लावून अभंग वाजवणं म्हणजे उकडीच्या मोदकावर सॉस.

ही हौस माझी जुनी आहे. ऐंशीच्या दशकात मेव्हण्याने मस्कतहून कॅसिओचा एसके-१ आणला होता. ३२ बारक्या पट्ट्या, वर इवलासा माइक, आणि जेमतेम १.४ सेकंदाचा आवाज त्यात साठायचा. साठवलेला आवाज पट्ट्यांवर सुरात वाजायचा. आम्ही त्यात म्हशीचं हंबरणं भरलं आणि गणपतीत त्यावर आरती वाजवली. वडिलांनी तो आठ दिवस कपाटात ठेवला.

आता दुसरं काम, मागून चालण्याचं. हे जरा सविस्तर सांगतो.

आमच्या मंडळाचे बुवा पाच वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाला मंडळाने भजन ठेवलं आणि काकूंनी एक कॅसेट आणून दिली, नव्वदीतली. घरगुती टेपवर रेकॉर्ड केलेला एक अभंग. कॅसेट लावली तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा. उघडून बघतो तर आतली फेल्टची गादी पडलेली. कॅसेटच्या मधोमध तांब्याच्या पट्टीवर एक लहानशी गादी असते, ती टेप हेडला दाबून धरते. ती नसली की वरचे सूर येतच नाहीत. दुसऱ्या एका स्क्रूवाल्या कॅसेटचं पोट रिकामं केलं, त्यात ही दोन्ही रिळं बसवली, हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. बोळा तपकिरी झाला. मग बुवा आले.

आले, पण सुरात नाहीत. बुवा जन्मभर पांढरी चारमध्ये गायले. कॅसेटवर ते पांढरी चार आणि तिच्या लगेच वरची काळी तीन यांच्या मधे कुठेतरी. कारण त्या रात्री टेपचे सेल उतरलेले असणार. रेकॉर्ड करताना फीत हळू फिरली, आता बरोबर वेगाने फिरली की आवाज चढा येतो. आणि सेल उतरत जातात, म्हणून शेवटचं चरण पहिल्यापेक्षाही चढं. कीबोर्डचा पिच शिफ्ट एकेका पट्टीने सरकतो, इथे अर्ध्याहूनही कमी सरकायचं होतं. मास्टर ट्यूनने (अख्ख्या कीबोर्डचा सूर किंचित हलवून) कीबोर्ड बुवांच्या सुराला लावता आला असता, पण शेजारी लाकडी पेटी असणार, तिला कोण लावणार? शेवटी मुलाने लॅपटॉपवर ऑडॅसिटीत (आवाज कापण्याजोडण्याचा प्रोग्राम) चेंज स्पीड केलं, पहिल्या चरणाला साधारण सव्वादोन टक्के हळू, पुढे पुढे थोडं जास्त. इथे पिच न बदलता स्पीड बदलायचा नाही, दोन्ही एकदम बदलायचे, कारण बिघाडात दोन्ही एकदम बदललेले आहेत.

तालमीला अख्खा अभंग सोडला आणि पखवाजवाल्याला म्हटलं, धर साथ. दुसऱ्या चरणाला तो पुढे, बुवा मागे. तो थांबला आणि माझ्याकडे असा बघितला जसा मीच लय सोडली. बुवा हयात असताना लय कमीजास्त व्हायची तेव्हा ते मान हलवायचे, हा समजायचा. कॅसेटची मान कुठे हलते?

मग डोकं लढवलं. बुवांची पद्धत अशी की प्रत्येक चरण आधी तालाशिवाय, मोकळं म्हणायचे, नंतर कोरस ते तालात उचलायचा. म्हणजे जे मोकळं आहे तेवढंच बुवांकडे ठेवायचं, तालाचं सगळं आपण. चार तुकडे कापले: ध्रुवपद आणि तीन चरणं. चार तुकडे, चार पॅड. एक दाबला की बुवा एकटे म्हणतात, मी खाली डाव्या हाताने नुसता सा-प धरतो, म्हणून झालं की पखवाज आणि झांज पडते आणि मंडळी तालात घेतात. कोरसला जेवढं घोळवायचंय तेवढं घोळवू दे, दोनदा, पाचदा. पुढचं बोट माझ्या हातात. बुवा थांबून राहतात.

एक चूक झाली. कापताना मुलाने घरघर काढली, आणि चरणांच्या मधे जे जे होतं तेही साफ केलं. रंगीत तालमीला काकू बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "दुसऱ्या चरणाआधी ते खोकायचे. ते का काढलंत?" मूळ फाइल होती म्हणून बरं. खोकला परत जोडला. कार्यक्रमात तो खोकला आला तेव्हा मागच्या ओळीतून कुणीतरी सवयीने "पाणी द्या रे" म्हणालं.

हे डबलबारीत (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात) मात्र करू नकोस. समोरचा बुवा पुढच्याच गजरात सोलून काढेल.

तुझी फाइल पॅड का घेत नाही, तर पॅडला वेव्हच लागते, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं बरेचदा ४८ चं असतं, व्हॉट्सॅपचा व्हॉइस मेसेज तर भलत्याच जातीचा. ऑडॅसिटीत उघडून एक्स्पोर्ट कर. मिनिटाला दहा एमबी जागा जाते, जाऊ दे. एमपी३ वरून वेव्ह बनवलीस तर सुरुवातीची चिमूटभर शांतता कापून टाक, नाहीतर बोट पडतं आणि आवाज मागून येतो. पॅडमध्ये फाइल नसते, फाइलचा नुसता पत्ता असतो. पेनड्राइव्हवर फोल्डर हलवलंस, नाव बदललंस की पॅड मुका. आणि चालू पॅड परत दाबू नकोस, तो पहिल्यापासून सुरू होतो. बुवा एकदा माझ्या हातून "अर्धं वाक्य, परत पहिल्यापासून" असे म्हणाले आहेत, तालमीत होतं म्हणून वाचलो.


मालवणी_ठेका
मी कुडाळचा, ढोलकी आणि ऑक्टोपॅड. पेटीवाले काका म्हणतात ते पटलं, पण कधी कधी ट्रॅक बरोबर वाजवावाच लागतो. शाळेच्या डान्सला मुलांनी ज्या गाण्यावर सराव केलाय तेच पाहिजे असतं. तिथे आमच्या कीबोर्डवाल्याने एक युक्ती केलीय.

स्टिरिओ फाइलचे दोन कान वेगळे करायचे. एका बाजूला अख्खा ट्रॅक मोनो करून, दुसऱ्या बाजूला माझ्यासाठी खुणा. कीबोर्डच्या मागे एल आणि आर अशी दोन भोकं असतात. एकातून मिक्सरला, दुसऱ्यातून माझ्या हेडफोनला. खुणा म्हणून आधी त्याने टिकटिक टाकली होती. टिकटिक ऐकत ढोलकी वाजवणं म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे बसून जेवणं. मग त्याला म्हटलं, बोलून टाक. आता कानात त्याचाच आवाज येतो: "धा धिं धिं धा, दोन आवर्तनं राहिली, पुढे तोडा, थांब थांब, आता घे." मस्त लागतं.

पण एक ऐका. पहिल्या वेळी ट्रॅक डावीकडे होता आणि खुणा उजवीकडे. कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि उजवी पिन निघाली. डाव्या भोकावर "एल/मोनो" किंवा "एल/एल+आर" लिहिलेलं असतं ते उगाच नाही. उजवीकडे पिन नसली की कीबोर्ड दोन्ही बाजू डावीकडे एकत्र करून सोडतो. झालं, सभागृहभर "आता तोडा घे रे, झोपलास काय" ऐकू आलं. मुख्याध्यापक पहिल्या रांगेत. तेव्हापासून खुणा डावीकडे, ट्रॅक उजवीकडे. पिन निघालीच तर सभागृहात शांतता होईल, पण आमचं घरगुती बोलणं तरी बाहेर जाणार नाही. आणि कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर बंद करायला विसरू नका. वाजवणाऱ्याने त्याच्या व्हॉइसचा पॅनही उजवीकडे ढकलायचा, नाहीतर त्याची अर्धी पेटी माझ्याच कानात.


गोदाकाठ_सारेगम
मी नाशिकला शाळेत संगीत शिकवते. तुमच्या सरांचा मुद्दा मला अर्धाच मान्य आहे. ४० मुलांच्या वर्गात मी पेटी वाजवत बसले तर मुलांकडे बघणार कोण? मी माइक लावून कीबोर्डवरच माझा आवाज रेकॉर्ड करते. चार मात्रांचा एक तुकडा मी गाते, पुढच्या चार मात्रा रिकाम्या, फक्त खाली सा. रिकाम्या जागेत मुलं तोच तुकडा म्हणतात. असे वीस तुकडे. कीबोर्ड वाजत असतो आणि मी बाकांमधून फिरत कान लावते. कोण नुसते ओठ हलवतंय ते तेव्हाच कळतं. मुलींचा आणि मोठ्या मुलांचा सूर वेगळा म्हणून एकच फाइल पिच शिफ्टने दोन पट्ट्या खाली घेते. अवघड तान असली तर टाइम स्ट्रेचने हळू करते, सूर जागेवर राहतो.

जूनमध्ये प्रत्येकाचं एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवते, मार्चमध्ये ऐकवते. गेल्या वर्षी एक मुलगा ऐकून म्हणाला, "हा मी नाहीच." पूर्ण वर्गाने सांगितलं, तूच आहेस.

व्होकल कॅन्सलबद्दल फार आशा ठेवू नका. ते गायकाला ओळखत नाही. दोन्ही कानांत जे अगदी सारखं आहे ते एकातून दुसरं वजा करून काढतं. गायकाचा आवाज बहुतेक मधोमध ठेवलेला असतो म्हणून तो जातो, पण बास आणि ढोलकीही मधेच असते, तीही जाते. मागे उरतो तो गायकाच्या आवाजाचा घुमारा आणि व्हायोलिन्स. आणि पन्नास-साठच्या दशकातली आपली जुनी भावगीतं मोनो आहेत. तिथे डावं वजा उजवं म्हणजे शून्य. एका पालकांनी मला "गाण्यातला फक्त आवाज काढून द्या" म्हणून असंच एक गाणं आणून दिलं, बटण दाबलं आणि खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.


साउंड_चेक_पुणे
माघार घेतो. कोंबड्याचं पटलं.

एक जोडतो, हे माझ्या धंद्यातलं. दुसऱ्याची ध्वनिमुद्रणं जाहीर कार्यक्रमात वाजवायला परवाना लागतो. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ (१) (झेडए) मध्ये सूट आहे, तिकीट लावलेल्या शोला नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. पण त्यातली चाल आणि शब्द यांचा हिशेब वेगळा, तो रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे रेकॉर्ड जुनी झाली म्हणून गाणं मोकळं झालं असं नाही. काकांचा तानपुरा आणि बाईंची सरगम ही त्यांनी स्वतः केलेली रेकॉर्डिंग. त्यात कसलीच भानगड नाही.


पेटीवाला_चिपळूण
हे बरं सांगितलंत. मीही म्हणून पॅडवर स्वतः रेकॉर्ड केलेलंच ठेवतो. पाऊस आमच्या पडवीचा आहे, घंटा ग्रामदैवताची, बोटीचा आवाज दाभोळच्या फेरीचा. एकांकिका स्पर्धेला पाऊस लागला तेव्हा नेटवरचा पाऊस ऐकून बघितला. पत्र्यावरचा होता, आणि गोष्ट कौलारू घरातली. कौलावरचा पाऊस पत्र्यासारखा तडतडत नाही, कौल तो पिऊन घेतं आणि मग पागोळ्या वेगळ्या वाजतात. परीक्षकांना कळलं असतं की नाही कोण जाणे, मला कळत होतं.

इचलकरंजीकर, तुमच्याकडे तर आवाजांना तोटा नाही. घरात चार माग आहेत म्हणालास ना?


इचलकरंजी_कीज
काका, तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा, सीझन होता.

फाइल ४८ चीच निघाली, एक्स्पोर्ट केली, पॅडने मुकाट्याने घेतली. तानपुरा ओळखीच्या एका ताईंकडून रेकॉर्ड करून आणला, काळी एक आणि काळी चार. एकादशीच्या भजनात लावला. सर आले होते. त्यांनी पाच मिनिटं कीबोर्डच्या मागे वाकून बघितलं की तानपुरा कुठे ठेवलाय. अजून काही बोललेले नाहीत, पण जाताना "पांढरी दोनचा पण करून ठेव" म्हणाले.

तुमचा शेवटचा प्रश्न मात्र डोक्यात बसला. आमच्या जुन्या शाळेच्या गॅदरिंगला विणकरांवर एक नाच होता. आतापर्यंत असल्या नाचाला मी ड्रमचीच एक स्टाइल लावायचो. या वेळी रात्री बाकीचे माग बंद केले, वडिलांचा एकच चालू ठेवला आणि फोन एका उशीवर ठेवून तीन मिनिटं रेकॉर्ड केलं. उशी नसली तर जमिनीची थरथर फोनमध्ये शिरते, पहिल्या दोन वेळा नुसती घूं घूं आली होती. मग घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला १३२ ठोके. रेकॉर्डिंग वळून बघत नाही, आपण त्याच्या मागून चालायचं, हे तुमचं म्हणणं लक्षात ठेवलं. म्हणून आधी आठ मात्रा नुसता माग. मुलं अंधारात. मग ढोलकीवाल्या मित्राने मागाचं ऐकून ठेका धरला, त्याचा ठेका बसला की मी मागाचा आवाज हळूहळू खाली घेतला, आणि मग मला हवी तशी लय वाढवायला मोकळा. शेवटी ढोलकी थांबली आणि पॅड ४ वर परत माग, दोन मात्रा, आणि शटल (मागाचा धोटा) थांबल्याचा तो खट्. तोही खराच आहे, वडिलांनी हँडल ओढलं तेव्हाचा.

आमच्या गावात तो आवाज ऐकून कुणी दचकत नाही, चोवीस तास तोच असतो. पण नाट्यगृहात दिवे बंद करून ऐकला तर सगळे गप्प झाले. पहिल्यांदाच ऐकल्यासारखे.

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे जॉबर (माग दुरुस्त करणारे) स्टेजजवळ आले. मला वाटलं छान झालं म्हणतील. ते म्हणाले, "त्यो माग कुणाचा हाय रं? एका अंगाचा पिकर गेलाय त्येचा. कान देऊन ऐक, एक ठोका दबका येतोय."

घरी येऊन फाइल हेडफोनवर लावली. एक आड एक ठोका खरंच दबका. दोन दिवस ऐकून, कापून, पॅडला जोडून माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि वडिलांच्या तर रोज कानाशी. सकाळी त्यांनी माग उघडला. पिकर, म्हणजे शटलला ठोका देणारा ठोकळा, झिजून खोबणी पडलेली. त्याच दिवशी नवा बसवला.

आता मागाचा आवाज बदललाय, दोन्ही ठोके सारखे येतात. शाळेने पुढच्या महिन्यात तोच नाच परत ठेवलाय. वडील म्हणतात नवीन रेकॉर्ड कर, लोक म्हणतील पोराच्या घरचा माग बिघडलेला. मी जुनीच फाइल ठेवली आहे.